पुसलेल्या डिस्कवरची शाल

मेस्त्रींनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. बंद पडलेल्या वस्तूला आपला हात लागला की ती चालू होते असा त्यांचा स्वतःविषयी समज होता, आणि लोकांनीही तो कधी मोडला नाही. निवृत्त झाल्यावर हा समज त्यांनी जुन्या कॉम्प्युटरांवर वापरायला घेतला. कुणीतरी अडगळीत टाकलेले, पिवळे पडलेले, पंख्यात धूळ बसलेले डबे ते घरी आणत, उघडत, झटकत आणि त्यांच्यावर कॉम्प्युटर चालवणारी, युनिक्सच्या घराण्यातली एखादी छोटीशी प्रणाली चढवून दाखवत. हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल नसेल, पण जागा लागते, आणि घरात मोकळी जागा होती ती फक्त बायकोच्या विणकामाच्या खोलीत.

खोली घराच्या मागच्या अंगाला होती. एका भिंतीला विणकामाचं यंत्र, म्हणजे दोन्ही हात पसरले तरी न मावणारी सुयांची रांग आणि तिच्यावरून हाताने इकडून तिकडे सरकवायची गाडी. समोरच्या भिंतीला मेस्त्रींचं टेबल. त्यावर तीस वर्षांपूर्वीचा एक कॉम्प्युटर, हिरव्या अक्षरांचा पडदा, आणि तिथून निघून यंत्रापर्यंत गेलेली एक जाड केबल. बायको गाडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची, कॉम्प्युटर पुढच्या ओळीत कुठल्या सुया उचलायच्या ते यंत्राला सांगायचा, आणि त्याच वेळी मेस्त्री त्याच कॉम्प्युटरवर आपले उद्योग करायचे. तिचं खातं वेगळं, यांचं वेगळं, कुणाचा कुणाला धक्का नाही. आल्यागेल्याला मेस्त्री हे हटकून सांगत. एवढ्याशा डब्यावर दोघांचा संसार चालतो, तुमचे आजचे कॉम्प्युटर नुसते खादाड, वगैरे. पाहुणे मान डोलवत आणि शालीकडे बघत.

शालच बघण्यासारखी असायची. जाळीची वीण, त्यात भोकांनी काढलेली पानं, वेली, शिंपले. यातला प्रत्येक नमुना तिने स्वतः पडद्यावर काढलेला होता. साध्या टाक्याला ठिपका, भोकाला चांदणी. कागद तिने कधी वापरला नाही, कारण कागदावरचं परत कॉम्प्युटरमध्ये घालायचं म्हणजे दुप्पट काम. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी तिने सुरुवात केली होती, आणि तेव्हापासूनचे तिचे सगळे नमुने एका डब्यातून दुसऱ्या डब्यात असे फिरत फिरत या पिवळ्या कॉम्प्युटरात येऊन राहिले होते. तिच्या डोक्यातलं जे काही होतं ते तिथे होतं.

त्या दुपारी मेस्त्री खुशीत होते. बऱ्याच खटपटीनंतर त्यांना जुन्या डब्याला चालेल अशी मोठी डिस्क मिळाली होती. प्रणाली त्यांनी आधीच तिच्यावर हलवली होती, आता बायकोचे नमुने हलवले की जुनी, लहान डिस्क मोकळी. ती त्यांनी चष्मेवाल्याला कबूल केली होती. हा चष्म्याच्या दुकानाचा मालक त्यांच्याच पंथातला. दुकानात लोकांचे डोळे तपासायचा आणि घरी जुने कॉम्प्युटर उघडून बसायचा. या मंडळींचा एक शिरस्ता होता. दुसऱ्याला डिस्क द्यायची तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यांनी भरून, म्हणजे पार पुसून, द्यायची. खरकटं भांडं देऊ नये तसंच हे.

मेस्त्रींनी बायकोचं अख्खं खातं नव्या डिस्कवर उतरवलं. नमुन्यांची नावं बघितली, सगळी होती. तरीही ते काही कच्चे नव्हते. दोन-तीन नमुने त्यांनी उघडून बघितले, आणि पडद्यावर ठिपके नि चांदण्या व्यवस्थित आल्या. मग त्यांनी जुनी डिस्क प्रणालीपासून सोडवली आणि तिच्यात शून्यं भरायचा हुकूम दिला. मागे बायको शाल विणत होती. गाडी या टोकाला जायची, परत यायची. डिस्कचा दिवा बराच वेळ लुकलुकला आणि थांबला. या प्रणालीची रीत अशी की काम झालं तर ती काही बोलत नाही, चुकलं तरच तोंड उघडते. ती काही बोलली नाही.

आता नव्या डिस्कवरून नमुना किती झटपट उघडतो ते बायकोला दाखवावं म्हणून मेस्त्रींनी पहिलंच नाव टाइप केलं. पडद्यावर आलं, अशी फाइल नाही.

त्यांनी परत टाइप केलं. नाव तर समोर दिसत होतं. फाइल नव्हती. त्यांनी दुसरं नाव घेतलं, तिसरं घेतलं, मघाशी उघडलेलं घेतलं. तेच उत्तर. मग एकाएकी त्यांना मागचा हिवाळा आठवला.

मागच्या हिवाळ्यात जुनी डिस्क भरत आली होती, म्हणून मेस्त्रींनी सगळे नमुने उचलून त्याच डिस्कच्या एका कोपऱ्यात दाबून ठेवले होते, आणि बायकोच्या खात्यात त्यांच्या जागी नुसत्या खुणा ठेवल्या होत्या. नाव नमुन्याचं, आत फक्त पत्ता. घरावर बाण दाखवणारी पाटी असते तशी. नाव उघडलं की प्रणाली गुपचूप पत्त्यावर जाऊन नमुना आणून दाखवायची. युनिक्सवाल्यांना या युक्तीचा फार अभिमान. पुढे मेस्त्री ते साफ विसरले. आज त्यांनी नव्या डिस्कवर पाट्या उतरवल्या. पाट्यांवरून जाऊन घर जागेवर असल्याची खात्री करून घेतली. आणि मग घर पाडलं.

जुन्या फ्लॉप्यांवर काही नमुने होते, पण त्यांना बुरशी आली म्हणून त्यांनीच त्या फेकल्या होत्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं त्यांची आई त्यांच्याकडे बघूनच म्हणायची. मेस्त्रींनी टेबलाची कड धरली. मागे गाडी सरकतच होती, आणि तो आवाज ऐकून त्यांना कळेना की हा आवाज येतो कुठून. नमुनाच नाही तर यंत्र विणतंय काय?

मग तेही कळलं. जुनी डिस्क फार संथ होती, म्हणून विणकामाचा प्रोग्राम लिहिताना त्यांनीच तो असा लिहिला होता की सुरुवातीलाच अख्खा नमुना मेमरीत उचलून घ्यायचा. शालीचा नमुना तिथे अजून जिवंत होता. बाकी सगळे गेले होते, हा एकटा उरला होता, आणि तोही वीज असेपर्यंत.

बायकोने न वळताच विचारलं, झालं का तुमचं. मेस्त्री म्हणाले, होतंय. तू विणत राहा, कीबोर्डला हात लावू नकोस, बटणाला तर मुळीच नको. ती म्हणाली, मी कशाला लावू. मेस्त्री फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

चष्मेवाल्याने सगळं ऐकून घेतलं. शून्यं भरली, म्हणजे डिस्कवरून काही परत येणं नाही, हे दोघांनाही माहीत होतं, तरी मेस्त्रींनी ते त्याला दोनदा विचारलं. मेमरीतला नमुना कागदावर उतरवता येईल का, यावर चष्मेवाला म्हणाला की प्रोग्रामला मुद्दाम मारलं तर मरताना तो आपली मेमरी डिस्कवर टाकतो, ती चाळून बघता येईल. मेस्त्रींनी सांगितलं की जागा खाते म्हणून ती सोय त्यांनी बंद करून टाकली होती. आणि मेमरीत डोकवायची हत्यारं? तीही जागा वाचवायला काढून टाकलेली. प्रोग्राम पडद्यावर ओळ दाखवतो का? ओळीचा नुसता आकडा दाखवतो. चष्मेवाला म्हणाला की आता बैल गेल्यावर झोपा करून काय उपयोग.

मेस्त्री स्वतःलाच धीर देत म्हणाले, जाऊ दे, ती चिडेल, आठ दिवस बोलणार नाही, पण नमुने तिच्या डोक्यात आहेत. बसेल परत, काढेल.



"मेस्त्री," चष्मेवाला म्हणाला, "वहिनींना आता परत नाही काढता येणार रे."

"का नाही? हात काही विसरत नाहीत."

"हातांचं नाही म्हणत मी. मी शब्द दिलाय त्यांना, मला बोलायला लावू नकोस. तू आत जा आणि त्यांनाच विचार."

फोन ठेवल्यावर ते ओट्यापाशी नुसते उभे राहिले. समोर कप लावलेले होते, मोठे खाली, लहान वर, आणि सगळ्यांचे कान एका बाजूला. मिठाच्या बरणीला दोरा बांधलेला होता, साखरेच्या बरणीला नव्हता. तो दोरा ते कित्येक दिवस बघत होते. कशाला बांधलाय हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दिवा म्हणून मिरवणारे हे.

ते खोलीत परत आले तेव्हा बायको गाडी थांबवून उभी होती. तिने बटणाला हात लावला नव्हता. ती त्यांच्याकडे वळली, पण बघत होती त्यांच्या खांद्याच्या जरा बाहेर, आणि आज पहिल्यांदाच मेस्त्रींच्या लक्षात आलं की ती हल्ली असंच बघते. त्यांना वाटायचं, आपल्यावर रागावलेली असते म्हणून.

त्यांनी आधी आपलं सांगितलं. आडवळण न घेता, पाट्यांचं, घराचं, शून्यांचं. ती खाली बसली. भांडली नाही, रडली नाही. एकदाच विचारलं, सगळे? ते म्हणाले, सगळे, यंत्रावरचा सोडून. तिने यंत्राची कड हाताने चाचपली आणि तशीच धरून ठेवली. घरात कुणी गेल्याची बातमी येते तेव्हा माणूस असं बसतं, आणि मेस्त्रींना ते बघवेना.

मग त्यांनी डोळ्यांचं विचारलं.

"ज्याच्याकडे बघते तेच जातं," ती म्हणाली. "बाजूचं दिसतं. दार दिसतं, तुम्ही येता ते दिसतं. तुमच्या तोंडाकडे बघितलं की तोंड नाही."

"कधीपासून?"

"मागच्याच्या मागच्या हिवाळ्यापासून. हळूहळू. तुमचा चष्मेवाला म्हणाला, मधलं गेलेलं परत येत नाही, कडेचं राहील."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. मग वाटलं, तुम्ही याच खोलीत असता, तुमच्या लक्षात येईलच."

लिफ्टच्या दोरातली एक तार तुटली तर त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. लोक त्यांचं हे कौतुक करत आणि ते करून घेत. चार पावलांवर बायकोच्या डोळ्यांचं मधलं सगळं गेलं, आणि ते पाठ करून बसले होते, एका टेबलावर, एका हिरव्या पडद्यासमोर. त्यांना धक्का बसला होता तो आता डिस्कचा राहिला नव्हता.

शेवटी तीच उठली. म्हणाली, हा तरी पुरा करते, वीज गेली तर हाही जाईल. ती गाडीपाशी उभी राहिली आणि ओढू लागली. मेस्त्री जाऊन भिंतीवरच्या बटणापाशी उभे राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी बटणावर हात आडवा धरला. बाहेर रस्त्यावर ट्रक गेला, खिडकीची तावदानं थरथरली, आणि मेस्त्रींनी दिव्याकडे बघितलं. मध्येच लोकर गुंतली. तिने बोटांनी गुंता शोधला, सोडवला, आणि परत ओढायला लागली. पडद्यावर आकडा वाढत होता. खाली शाल उतरत होती आणि जमिनीवर जमत होती.

शेवटची ओळ झाली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर गेलं होतं. तिने शाल सुयांवरून सोडवली, जमिनीवर पसरली आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसली. काय करायचं ते तिलाच आधी सुचलं होतं. नमुना कॉम्प्युटरमधून परत काढता येत नाही, पण लोकरीत तर उतरला आहे. भोक बोटाला लागतं. ती म्हणाली, मी सांगते, तुम्ही लिहा. भोकाला चांदणी, साध्याला ठिपका.

तेव्हा मेस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोची शाल नीट बघितली. खालच्या काठाला पानांची वेल होती. पान देठावर, देठ वेलीवर, एक भोक इकडचं तिकडे नाही. मध्यापर्यंत तसंच. मग एक पान देठापासून जरासं सुटलेलं होतं. त्याच्या वर दोन पानं एकमेकांत शिरलेली. त्याहून वर वेल वाकडी होत गेली होती, भोकं मोजून मारलेली होती पण चुकीच्या घरात, आणि वरच्या काठाशी पानं कुठे आणि वेल कुठे, काही मेळच नव्हता. हा तिचा शेवटचा नमुना तिने मागच्या हिवाळ्यात, पाट्या होण्याच्या जरा आधी काढला होता. मेस्त्री तेव्हा तिच्या मागेच दुसरा एक डबा उघडून बसले होते. कळांचा टकटक आवाज त्यांनी ऐकला होता आणि तिचं छान चाललंय असं त्यांना वाटलं होतं.

अशीच आणखी एक शाल मेस्त्रींच्या बहिणीकडे होती. बायकोने ती तिला हौसेने दिली होती. ही बहीण, आक्का, परवाच फोनवर म्हणाली होती की वहिनीचा हात हल्ली जरा घाईचा झालाय. मेस्त्रींनी ते हसण्यावारी नेलं होतं आणि बायकोला सांगितलंही होतं, गंमत म्हणून.

ते उठून टेबलापाशी बसले. नव्या डिस्कवर त्यांनी नवी फाइल उघडली. ती आपल्या जागेवरच आहे, नुसती पाटी नाही, हे त्यांनी दोनदा तपासलं. मग खुर्ची वळवून अशी लावली की पडदा दिसावा आणि बायकोही. इतकी वर्षं ही खुर्ची अशी लावता येत होती.

तिने काठापासून बोट धरलं. भोक, साधा, साधा, भोक. ते टाइप करत गेले. तिचं बोट घाई करत नव्हतं आणि एकदाही अडखळत नव्हतं. ओळीमागून ओळ होत गेली आणि पडद्यावर चांदण्यांचं पान उमटायला लागलं. आक्काकडची शाल आणायची, शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडची आणायची, ज्यांच्याज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून मागून आणायच्या, असं मेस्त्री मध्ये मध्ये बोलत होते. ती हूं म्हणत होती.

मध्याच्या वर आल्यावर तिचं बोट थांबलं. सुटलेल्या पानाच्या देठावर ते होतं. ते मागे गेलं, परत पुढे आलं, परत मागे गेलं.

"इथून चुकलंय ना?" तिने विचारलं.

खोटं बोलायची आता मेस्त्रींना लाज वाटत होती.

"हो."

"वर आणखी?"

"वर जास्त."

तिने तळहात शालीच्या वरच्या भागावरून फिरवला, सावकाश, अगदी टोकापर्यंत, मूल झोपलंय का बघावं तसा. मेस्त्री म्हणाले, खालचं पान माझ्यासमोर आहे, त्यावरून वरचं सगळं मी सरळ करून देतो, तू नुसतं सांग, कुणाला कळणारही नाही.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही दुरुस्त करायला लागलात की तुमचं लक्ष कशावर असतं ते मला माहीत आहे. मी काढलंय ते लिहा."

तिने बोट परत देठावर ठेवलं.

"साधा," ती म्हणाली. "साधा. भोक. बघताय ना?"

मेस्त्रींनी हात कीबोर्डवरच ठेवला, पडद्यावरची नजर काढली आणि तिच्याकडे बघत म्हणाले, "बघतोय."